मदत हवी आहे: एमडींचा पगार ५ टक्क्यांत बसतो का?

ताळेबंद_वाचक:
एका लिस्टेड कंपनीचा करपूर्व नफा ४० कोटी, त्यात जमीन विकून आलेले १२ कोटी. एमडींना (व्यवस्थापकीय संचालकांना) २ कोटी दिलेत, दुसरा पूर्णवेळ संचालक नाही. ४० कोटींचे ५ टक्के बरोब्बर २ कोटी. म्हणजे मर्यादा पाळली ना? आणि मुळात आकडा ठरवतं कोण?

खतावणी:
नाही पाळली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ मधली एकट्या एमडीच्या पगाराची ५ टक्क्यांची मर्यादा कलम १९८ प्रमाणे काढलेल्या नफ्यावर असते. नफा-तोटा पत्रकातला आकडा उचलला की गफलत झालीच. प्राप्तिकर वजा करायचा नाही, आधी वजा झालेला संचालकांचा पगार नफ्यात परत मिसळायचा, जमीनविक्रीचा नफा वगळायचा (कंपनीचा धंदाच जमिनीचा असेल तर गोष्ट वेगळी). बाकी काही फेरफार नसतील तर ४० + २ − १२ = ३० कोटी; ५ टक्के झाले दीड कोटी. वरचे ५० लाख भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय देता येत नाहीत. जुन्या एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) नोटिसा चाळा. ठराव नसेल तर जादा रक्कम २ वर्षांत परत करायची. ती माफ करायलाही विशेष ठराव लागतो, आणि बँकेचं कर्ज थकलं असेल तर आधी बँकेची संमती.

ताळेबंद_वाचक:
धन्यवाद. एमडी प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या, घराण्यातले आहेत. मग तर ठराव सहज होईल?

कोरम:
तसं नाही. विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या एमडींच्या फेरनियुक्तीचा, मोबदल्यासकटचा विशेष ठराव बहुमत असूनही पडला होता. प्रवर्तक-संचालकांसाठी सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) आणखी एक अट आहे: ५ कोटी किंवा नफ्याचे २.५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते ओलांडलं तर विशेष ठराव. २ कोटींना ती लागू नाही.

ठरवतं कोण? कायदा फक्त छत घालतो. शिफारस नामनिर्देशन व मोबदला समितीची. लिस्टेड कंपनीत तिचे दोन-तृतीयांश सदस्य स्वतंत्र संचालक हवेत. समिती तुलनेसाठी कंपन्या निवडते आणि खरी मेख तिथेच: दुप्पट उलाढालीच्या कंपन्या शेजारी बसवल्या की कोणताही पगार माफक दिसतो. प्रवर्तकांना ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क) देता येत नाहीत, म्हणून त्यांचा भर कमिशनवर, म्हणजे नफ्याच्या ठराविक टक्क्यांवर, असतो. नियुक्तीच्या ठरावात कमिशन कशाच्या किती टक्के लिहिलंय ते वाचा, मग संचालक मंडळाच्या अहवालाच्या परिशिष्टात एमडी आणि मध्यक (पगाराच्या क्रमवारीत बरोबर मधल्या) कर्मचाऱ्याच्या पगाराचं गुणोत्तर ३ वर्षांचं लावून बघा.