मदत हवी आहे: जानेवारीचं वेळापत्रक मार्चअखेरीला कोलमडू नये म्हणून काय करता?

1 जानेवारी ते 31 मार्च म्हणजे 90 दिवस. वर्षभराचे संकल्प न करता एवढ्यापुरतीच दोन उद्दिष्टं ठेवायची आहेत.

एक ऑफिसचं. ‘एक्सेल पक्कं करायचं’ हे काही उद्दिष्ट नव्हे, ते संपलं कधी हेच कळत नाही. म्हणून असं लिहिलंय: महिन्याचा विक्री अहवाल पिव्होट टेबलवर (एक्सेलमधली आपोआप बेरजा मांडून देणारी सोय), हाताने बेरीज न करता, 20 मिनिटांत. सोमवार ते गुरुवार, डबा खाऊन झाल्यावर रोज 30 मिनिटं सराव. 12 आठवड्यांचे 24 तास होतात, पण मार्चचे शेवटचे दोन आठवडे अकाउंट्सवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ते वगळून 20 तासच धरलेत.

दुसरं घरचं: पीपीएफमध्ये दरमहा 5,000. व्याज 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळतं, म्हणजे 6 तारखेला भरलेल्या पैशांचं त्या महिन्याचं व्याज बुडालं. पगार 7 ला होतो, त्यामुळे आधीच्या पगारातून रक्कम बाजूला काढून बँकेला 3 तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दरमहा रक्कम आपोआप वळती करायची सूचना) द्यायचा विचार आहे.

प्रश्न असे:
1. सराव बुडाला तर शुक्रवारी भरून काढावा की सोडून द्यावा? थकबाकी साठली की वहीच उघडवत नाही.
2. अप्रेझलचं वर्ष एप्रिलपासून. मग हे उद्दिष्ट साहेबांना आत्ताच सांगावं, की अहवाल तयार झाल्यावर?