एक-दोनची नाणी चलनात ठेवायची की नाही?

नौपाडा_हिशेबनीस
१ आणि २ रुपयांची नवी नाणी पाडणं थांबवावं, असं माझं मत आहे. रोखीचं बिल ५ च्या पटीत आणायचं, यूपीआय आणि कार्डावर मात्र पै न पै जशीच्या तशी. कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचं नाणं असंच काढून घेतलं. आपल्याकडे हिशेब असा बसेल: शेवटी १-२ आले की खाली, ३-४ आले की ५, ६-७ चे ५, ८-९ चे १०. आणि हे एकेका वस्तूला नाही, बेरजेला.

अर्धं काम तर झालंच आहे. मुंबई लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट ५, १०, १५, २०. नवी मुंबईची बेलापूर–पेंधर मेट्रो १०, २०, ३०. ठाण्याच्या गावदेवी मंडईत कोथिंबिरीची जुडी १८ ला कोण देतंय? शिवाय २०१८ मध्ये माहिती अधिकारात मुंबई टांकसाळीने आकडे दिले होते. रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे, दोनचं १ रुपया २८ पैसे. रुपयासाठी रुपयाहून जास्त खर्च कशाला?

मीटर_डाऊन
साफ असहमत. तुमचं गणित रिक्षात बसवून बघा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई-ठाण्यात किमान भाडं २६ आहे, त्याआधी २३ होतं. तुमच्या नियमाने २६ चे २५, म्हणजे दर किमान भाड्यामागे चालकाचा रुपया गेला. २३ असताना हाच नियम असता तर २५ झाले असते आणि दर फेरीला प्रवाशाचे दोन गेले असते.

‘कधी वर, कधी खाली, शेवटी सारखंच’ हे केव्हा खरं? बेरजा विखुरलेल्या असतात तेव्हा. सुपरमार्केटात वीस वस्तूंचं बिल कुठेही थांबतं. स्टेशनपासून जवळच्या फेऱ्या एकाच आकड्यावर थांबतात, तिथे तोटा रोज त्याच बाजूला जातो. आणि प्रत्यक्षात २५ कोण घेणार? ‘सुट्टे नाहीत’ म्हणत ३० घेणं आजही चालतंच, उद्या त्याला नियमाचा आधार मिळेल.

नाणं पाडायच्या खर्चाचं म्हणाल, तर नाणं एकदाच वापरून फेकत नाही हो. स्टीलचा रुपया वीस-वीस वर्षं फिरतो.

नौपाडा_हिशेबनीस
मग किमान भाडंच २५ किंवा ३० ठरवा. दर ठरवणारे सरकारीच आहेत, ते ५ च्या पटीत ठरवू शकतात. रेल्वेला जमलं ना?

ऐरोलीकर
दर ठरवता येतील, पण छापील किमतीचं काय करणार? २३ छापलेला पुडा एकटाच घेतला की तुमच्या नियमाने २५. एमआरपीच्या वर पैसे घेणं हा गुन्हा आहे. म्हणजे आधी कायद्यात सूट द्या, नाहीतर कायम खालीच आणा. कायम खाली आणायचं तर दुकानदार तयार होणार नाही. मग तो काय देतो? टॉफी. टॉफी चलन नाही, ‘नको’ म्हणायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

तुर्भे_गल्ला
दोघेही भलत्याच जागी भांडताय. नाणी कमी नाहीत, ती अडकून पडतात. गल्ल्यात, डब्यात, दानपेटीत. (आणि आहेराच्या पाकिटावर. तो रुपया डिंकासकटच परत येतो.) बँकेत परत गेली तरच पुढच्याला मिळणार.

नियम गिऱ्हाइकाच्या बाजूने आहेत. देणं फेडताना रुपयाची किंवा त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंत घ्यावीच लागतात, ५० पैशांची १० रुपयांपर्यंत. हो, ५० पैसे अजून वैध आहेत. २५ आणि त्याखालची ३० जून २०११ पासून गेली. बँकेत खात्यावर भरायला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही. एका मूल्याची १००-१०० नाणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून न्यायची, वर आकडा लिहायचा, स्लिपमध्ये मूल्यवार नोंद करायची. एकत्र कालवलेली थैली काउंटरवर आपटली की कॅशियर कपाळाला हात लावणारच, त्यात त्याची चूक नाही.

नौपाडा_हिशेबनीस
शंभर-शंभर मोजत बसायचं? त्याच रिझर्व्ह बँकेने १ आणि २ ची नाणी वजनावर घ्या असंही सांगितलंय. वजन करा की.

तुर्भे_गल्ला
तिथेच फसतं. रुपयाच्या तीन पिढ्या एकाच वेळी फिरताहेत. जुना मोठा स्टीलचा २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०११ चा जेमतेम २२ मिमी, ३.७९ ग्रॅम. २०१९ चा २० मिमी, ३.०९ ग्रॅम. म्हणजे शंभर रुपयांची पिशवी ४८५ ग्रॅम भरेल नाहीतर ३०९, सगळं आत काय आहे त्यावर.

खरी मेख पुढे आहे. २०११ चं दोनचं नाणंही २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमच. जुना रुपया आणि हे दोन रुपये काट्यावर जुळे भाऊ. आधी डोळ्यांनी वेगळे करा, मग पिढीप्रमाणे ढीग करा, शेवटी काटा. लोहचुंबक थोडी मदत करतो: स्टीलची चिकटतात, पिवळं पाचचं आणि जुनं अकरा कोपऱ्यांचं दोनचं चिकटत नाही. एक-दोनमधला गोंधळ मात्र चुंबकाने सुटत नाही.

ऐरोलीकर
म्हणजे नाण्यांवरचा अर्धा राग मूल्यावर नाही, आकारावर आहे. २०१९ ची मालिका दृष्टिहीनांनाही ओळखता यावी म्हणून काढली. १, २, ५, १० चे व्यास २०, २३, २५, २७ मिमी. फक्त हीच मालिका ठेवून जुनी बँकेत आली की बाजूला काढत गेलं, तर बोटांनी ओळखता येईल आणि वजनही चालेल.

नौपाडा_हिशेबनीस
आणि तोपर्यंत? शाखा नाणी घेतही नाहीत, देतही नाहीत.

तुर्भे_गल्ला
देण्याचे त्यांना पैसे मिळतात. सप्टेंबर २०२१ पासून वाटलेल्या दर पिशवीमागे ६५ रुपये, आधी २५ होते. घेण्याचं तसं काही नाही, म्हणून टाळाटाळ. यूपीआयने पैसे कापून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग २०२३ मध्ये १२ शहरांसाठी जाहीर झाला, तोही देण्यापुरताच. नाणी गिळून खात्यात पैसे टाकणारं यंत्र स्टेशनबाहेर बसवा, मग बघू एक-दोन नकोत असं कोण म्हणतं.

मीटर_डाऊन
बसवा. तोवर २६ झाले की ३० द्या आणि चार रुपये मागून घ्या.