जिप्सीच्या पेट्रोल लाइनला आट्यांचे फिटिंग बसवावे का?

प्रश्न :
नमस्कार. माझ्याकडे जुनी एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी) जिप्सी आहे. गेल्या महिन्यात बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला म्हणून पाहिले, तर फिल्टरजवळच्या रबरी पाइपला क्लिपच्या कडेने बारीक भेगा पडल्या होत्या आणि नखाने दाबल्यावर त्यांत ओल चमकत होती. तेवढा तुकडा बदलला आहे. पण पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असल्यामुळे सगळी रबरी जोडणी काढून स्टीलच्या जाळीचे होज आणि एएन फिटिंग (आट्यांनी आवळायचे, ठरावीक मापांचे जोड) बसवावे असे मनात आहे. कोणता नंबर घ्यावा, आणि हायड्रॉलिक होजच्या दुकानातले फिटिंग चालेल का?

उत्तर १ :
एएनचा नंबर म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात. ६ नंबर म्हणजे ३/८ इंच, आणि त्याचे आटे ९/१६ इंचावर, इंचाला १८. मूळ इंजिनाला ६ नंबर पुरून उरतो. हायड्रॉलिकवाल्यांकडचे जेआयसी मापाचे फिटिंग याच आट्यांचे आणि ३७ अंशांच्या कोनाचे असते, त्यामुळे ते जुळते. मात्र त्याच कपाटात बीएसपी या वेगळ्या, ब्रिटिश मापाच्या आट्यांचेही फिटिंग असते आणि ते एक-दोन फेरे बसल्यासारखे वाटून पुढे अडते, तेव्हा पाना लावून ओढू नका. तसेच ४५ अंशांच्या फ्लेअरवर (नळीच्या पसरवलेल्या तोंडावर) ३७ चा नट कधीही चढवू नका.

उत्तर २ :
वरच्या उत्तरात एक गोष्ट जोडतो, कारण ती मला महागात पडली. या फिटिंगमध्ये गळती थांबवतो तो कोन, म्हणजे टोकाचा शंकूसारखा उतार. आटे फक्त दोन कोन एकमेकांवर दाबून धरतात. मी नळाच्या सवयीने आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि काही दिवसांनी एक सिलिंडर मिसफायर करू लागला. इंजेक्टर काढल्यावर त्याच्या इवल्याशा जाळीत टेपचा पांढरा धागा अडकलेला सापडला. कोनावर इंजिन ऑइलचा थेंब लावा, नट हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने थोडाच आवळा. ॲल्युमिनियमचा कोन जास्त आवळला की ओरखडतो आणि मग कायम पाझरतो. टेप किंवा सीलंट लागते ते निमुळत्या एनपीटी आट्यांना.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. होज आतून रबराचे घ्यावे की पीटीएफईचे (टेफ्लॉनचे)?

उत्तर २ :
पीटीएफईचे घ्या. रबरातून पेट्रोलची वाफ हळूहळू झिरपते, बंद गॅरेजमध्ये तो वास जाणवतो. त्याचे फिटिंग मात्र वेगळे, आत ऑलिव्ह (नळीवर दाबून बसणारी छोटी कडी) असलेले लागते. होज कापण्याआधी त्यावर टेप घट्ट गुंडाळून बारीक दातांच्या ब्लेडने कापा, नाहीतर जाळीच्या तारा पिंजारतात आणि बोटांत घुसतात. हीच जाळी जिथे घासेल तिथे कानशीसारखी चालते, म्हणून वायरिंग आणि ब्रेकच्या नळीपासून ती दूर ठेवून रबर लावलेल्या पी-क्लिपने बांधा. इंजिन हलते, चॅसिस हलत नाही. त्या दोघांमधल्या तुकड्याला थोडी ढील हवीच.

उत्तर १ :
खर्च आवाक्याबाहेर गेला तर जे३० आर९ असा शिक्का असलेले इंजेक्शनचे रबरी होज आणि गोल कडांच्या क्लिप वापरा. रोजच्या गाडीला तेही पुरते. काहीही बसवा, पण काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कारण लाइनमध्ये साधारण ४० पीएसआय दाब असतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. शेवटी फ्यूज आणि बॅटरीची वायर परत जोडा, इंजिन सुरू न करता चावी तीन-चार वेळा ‘ऑन’पर्यंत फिरवून दाब भरू द्या आणि प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू फिरवा. डाग उमटला तर गाडी सुरू करू नका.