शब्दचर्चा : टाकलं, सोडलं, दिलं, की पाठवलं?

चाळीसगावहून प्रश्न

‘वन्स अपॉन अ टाइम’ (२०११ ते २०१८, सात पर्व) या परीकथेच्या मालिकेतले निवडक प्रसंग मराठीत आणायचे आहेत. पडद्याखालच्या पट्टीत प्रमाण मराठी असेल आणि मोठ्याने वाचायला वेगळी अहिराणी संहिता असेल. तीन जागा अडल्या आहेत.

पहिली : स्नो आणि चार्मिंग नवजात एमाला जादूच्या कपाटात ठेवून दुसऱ्या जगात पाठवतात. ती अठ्ठावीस वर्षं आईबापांशिवाय काढते. तिच्या तोंडी ‘अबँडन’ आहे.

दुसरी : हीच एमा तुरुंगात बाळंत होते आणि हेन्रीला ‘गिव्ह अप’ करते. त्याला रेजिना दत्तक घेते.

तिसरी : रम्पलस्टिल्टस्किन आणि त्याचा मुलगा बे. जादूच्या शेंगदाण्याने जमिनीत वाट उघडते, दोघांनी मिळून जायचं ठरलेलं असतं, आणि ऐन वेळी बाप कच खातो. मुलगा एकटाच खाली जातो.

तिन्ही ठिकाणी ‘त्याग केला’ लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर तिन्ही आईबाप थोर वाटायला लागले. शिवाय ‘फर्गिव्ह’ला सगळीकडे ‘क्षमा’ बरोबर आहे का?

जळगावहून

ताई, आधी एक बारीक दुरुस्ती. ते ‘मॅजिक बीन’ आहे, शेंगदाणा नाही. परीकथेतली ती वेलाची बी, म्हणून ‘जादूची बी’ किंवा ‘जादूचा दाणा’ म्हणा. आपल्याकडे शेंगदाणा म्हटलं की भुईमूगच दिसतो.

आता मुद्दा. ‘त्याग’ काढाच. मराठीत त्याग हा करणाऱ्याचा मोठेपणा असतो. राज्याचा त्याग होतो, सुखाचा होतो. मुलाचा त्याग केला म्हटलं की ऐकणारा आईबापांच्या बाजूने उभा राहतो आणि मूल ही त्यांनी सोडलेली एक वस्तू होऊन बसते. इथे चार वेगळी क्रियापदं लागतात, आणि ती कोणाच्या तोंडी आहेत त्यावर सगळं अवलंबून आहे.

‘टाकणं’ हे भोगणाऱ्याचं क्रियापद आहे. ‘नवऱ्याने टाकलेली’ यातला ‘टाकणं’ तोच. त्यात कारणाला जागा नाही, परत घेण्यालाही नाही. ‘सोडणं’ मऊ आहे. सोडलेलं परत धरता येतं, आणि सोडण्याआधी धरलेलं होतं ही कबुलीही त्यात आहे. ‘देणं’ला घेणारा लागतो. ‘पाठवणं’ला मुक्काम लागतो.

म्हणून एमा म्हणेल, ‘तुम्ही मला टाकलंत.’ स्नो म्हणेल, ‘आम्ही तुला पाठवलं.’ घटना एकच, पण त्यांचं भांडण या दोन क्रियापदांमध्येच आहे. प्रत्येक पात्राचं क्रियापद वहीत लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. पुढे ज्या वाक्यात एमा पहिल्यांदा ‘टाकलंत’ऐवजी ‘पाठवलंत’ म्हणेल, तिथे तिने माफ केलं हे वेगळं सांगावं लागणार नाही. मधल्या एखाद्या भागात चुकून क्रियापदांची अदलाबदल झाली, तर मात्र तो क्षण वाया गेला.

हेन्रीच्या बाबतीत ‘दिलं’. ‘बेस्ट चान्स’ हे शब्द स्नो एमाबद्दल वापरते आणि एमा हेन्रीबद्दल. दोन पिढ्यांचं वाक्य एकच आहे, तेव्हा मराठीतही अक्षरशः एकच ठेवा. ‘सर्वोत्तम संधी’ नको, ती नोकरीच्या जाहिरातीत शोभते. ‘तिचं भलं व्हावं म्हणून’, ‘तुझं भलं व्हावं म्हणून’ चालेल.

बेच्या प्रसंगात तर मराठी मूळ भाषेपेक्षा श्रीमंत आहे. बाप खरोखर हात सोडतो, आणि ‘हात सोडणं’ म्हणजे आधार काढून घेणंही होतं. ‘बाबा, तुम्ही माझा हात सोडलात.’ एवढंच वाक्य ठेवा. ‘हात झटकले’ नको, त्यात जबाबदारी नाकारण्याचा कोरडेपणा आहे. रम्पल घाबरलेला आहे, कोरडा नाही.

धुळ्याहून

अहिराणी संहितेत एक खड्डा आहे, आधीच सांगतो. अहिराणीत भूतकाळी विशेषण ‘-एल’ लावून होतं : बसेल, लिखेल, टाकेल, पोसेल. ‘हाऊ टाकेल पोऱ्या शे’ म्हणजे हा टाकलेला मुलगा आहे. पुण्याकडचा वाचक ‘टाकेल’ वाचून भविष्यकाळ समजतो, म्हणजे ‘हा टाकणार आहे’. आपल्या भागात प्रमाण मराठी बोलतानाही ‘तो बसेल आहे’ येतं, ते याच वळणाचं. पट्टी आणि वाचन एकाच वेळी चालणार असेल तर पट्टीत ‘टाकलेला’ आणि वाचनात ‘टाकेल’ असं काटेकोर ठेवा. अहिराणी रूप पट्टीत शिरू देऊ नका.

बेचं वाक्य : ‘बा, तू मना हात सोडी दिधा!’ इथे ‘तू’च. अहिराणीत मायबापाला ‘तू’ म्हणण्यात उणेपणा नाही. प्रमाण मराठीतलं ‘तुम्ही’ अहिराणीत ओढून आणलंत तर मुलगा परका वाटेल.

मुलगा ‘आंडोर’, मुलगी ‘आंडेर’. स्नोला एकदा तरी एमाला ‘मनी आंडेर’ म्हणू द्या. ‘मनी पोर’ कोणाच्याही पोरीला म्हणता येतं, आंडेर आपल्या पोटचीच.

अमळनेरहून

‘दत्तक’ या शब्दाकडे जरा नीट बघू या. दत्त म्हणजे दिलेला. शब्द मुलाला लागतो आणि देणाऱ्याची बाजू दाखवतो. मराठीत त्याच्याभोवती तीन क्रियापदं फिरतात : दत्तक देणं, दत्तक घेणं, दत्तक जाणं. तिसऱ्यात मूल कर्ता होतं. मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. तिथे ‘दत्तक दिले’ म्हटलं की घराकडे लक्ष जातं, ‘दत्तक गेले’ म्हटलं की मुलाकडे. हेन्री स्वतःबद्दल बोलतो तेव्हा ‘मला दत्तक दिलं’ हेच बरोबर, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

जुना वाक्प्रचार ‘मांडीवर घेणं’ किंवा ‘ओटीत घालणं’. रेजिनाच्या मऊ प्रसंगांत ‘मी त्याला मांडीवर घेतलं’ फार चांगलं बसेल. मांडीवर घेताना मूल लहान असतं आणि कुशीत येतं. ‘दत्तक घेतलं’मध्ये फक्त कागद दिसतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार आहेत. त्यांतले तीन या मालिकेसाठी नेमके आहेत. आईबापांनी संकटात प्रेमपूर्वक, पाणी सोडून दिलेला तो दत्त्रिम. दोघांनी किंवा एकाने टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून घेतलेला तो अपविद्ध. विनाकारण टाकलेला किंवा आईबाप नसलेला, जो स्वतःच स्वतःला कोणाला तरी देतो, तो स्वयंदत्त. म्हणजे दिलेलं, टाकलेलं आणि आपलं आपण गेलेलं मूल यांत जुन्या शास्त्रानेही फरक केला होता. हे शब्द पट्टीत घालू नका, कोणाला कळणार नाहीत. पण आपल्या वहीत हेन्रीपुढे ‘दत्त्रिम’ लिहिलं आणि रेजिनाच्या सावत्र बहिणीपुढे, झेलीनापुढे ‘अपविद्ध’, तर क्रियापद चुकणार नाही. झेलीनाला तिची आई कोरा जंगलात ठेवून जाते, वावटळ तिला ओझमध्ये नेते, तिथलं जोडपं उचलून घेतं. तिथे ‘टाकली’ याशिवाय दुसरा शब्द नाही.

चाळीसगावहून

आप्पा, मग रेजिनाला ‘दत्तक आई’ म्हणणं चूक का? वर्तमानपत्रात तर सर्रास असतं.

अमळनेरहून

रूढ झालंय, पण शब्दशः ते ‘दिलेली आई’ होतं. आईला कोणी कोणाला दिलेलं नसतं. ‘दत्तक घेणारी आई’ लांब, ‘दत्तकमाता’ समासामुळे खपतो. माझं मत विचाराल तर नुसतं ‘आई’ लिहा आणि फरक करायची वेळ आली की एमाला ‘जन्मदाती’ म्हणा. विशेषण लागायचंच तर ते दूर गेलेलीला लागावं, रोज डबा करून देणारीला नको.

एका जागी मात्र ‘खरी’ हा शब्द ठेवाच. पहिल्या भागात दहा वर्षांचा हेन्री रेजिनाच्या तोंडावर ओरडतो की मला माझी खरी आई सापडली. तिथे सभ्य ‘जन्मदाती’ घातलंत तर वार बोथट होतो. पोरगं दुखवण्यासाठीच बोलतंय.

आणि ‘पाळलेला मुलगा’ कधीही नको. गाय पाळतात, पोपट पाळतात. मूल सांभाळतात, वाढवतात. ‘पोसणं’ आपल्याकडे प्रेमाने चालतं, शहरी कानाला मात्र त्यात उपकार ऐकू येतात. कर्ण कृष्णाला राधेबद्दल सांगतो तेव्हा तिला पान्हा फुटल्याचं आणि तिने आपलं मलमूत्र काढल्याचं सांगतो. ‘सांभाळणं’ या शब्दात ते सगळं आहे.

शहाद्याहून

कायद्याचे शब्द वेगळे ठेवा, कारण मालिकेत कागदपत्रांचा भाग आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये तीन स्वतंत्र व्याख्या आहेत : अनाथ, परित्यक्त आणि समर्पित बालक. पालक ठावठिकाणा न ठेवता सोडून गेले आणि चौकशीनंतर बाल कल्याण समितीने तसं जाहीर केलं तर परित्यक्त. पालकांनी स्वतः समितीपुढे येऊन, परिस्थिती आपल्या हाताबाहेर आहे म्हणून मूल सुपूर्द केलं तर समर्पित. समर्पणानंतर पालकांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. तेवढ्या काळात त्यांना मूल परत मागता येतं.

आपल्याकडच्या व्याख्या लावल्या तर तुरुंगातून रीतसर दिलेला हेन्री समर्पित ठरतो. एमा रस्त्याकडेला सापडते, म्हणजे कागदावर परित्यक्त. तिला अनाथ म्हणू नका, आईबाप जिवंत आहेत. ‘पोरकी’ म्हणा. पोरकेपणाला आईबाप मेलेलेच असावे लागत नाहीत.

एमाला लहानपणी एका घराने तीन वर्षांची होईपर्यंत ठेवलं आणि स्वतःचं मूल झाल्यावर परत पाठवलं. इथे ‘दत्तक घेतलं’ लिहिलंत तर मराठी वाचक अडखळेल. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे एकदा वैध झालेलं दत्तक रद्द होत नाही. घेणाऱ्यालाही नाही आणि खुद्द मुलालाही नाही. तिथे ‘सांभाळायला ठेवून घेतलं’ लिहा.

हेन्री आईला शोधत येतो त्याला आपल्याकडच्या नियमांत ‘मुळांचा शोध’ म्हणतात. अठरा पूर्ण असतील तर स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी दत्तक घेतलेल्या आईबापांसोबत. म्हणून ‘हेन्रीने माहिती काढली’ असं सपाट लिहू नका, ‘चोरून शोधून काढलं’ लिहा.

जळगावहून

आता माफीकडे. ‘माफ’ अरबीतून आला आणि मराठीत हिशेबाचा झाला : कर्जमाफी, फी माफ, शिक्षा माफ. देणारा वर, घेणारा खाली, आणि खातं शून्यावर. ‘क्षमा’ संस्कृत क्षम् धातूची, म्हणजे सोसणं. पृथ्वीचंही एक नाव क्षमा. क्षमेत खातं शून्यावर येत नाही, सोसणारा ते पेलतो. ‘दिलगीर आहे’ कचेरीतलं आणि रेल्वे स्थानकावरच्या घोषणेतलं. रेजिना नगराध्यक्ष असताना ते तिच्या तोंडी शोभेल, हेन्रीशी बोलताना नाही.

सगळ्यांत उपयोगी ‘पोटात घालणं’. हे नेहमी मोठ्याने लहानाचं घालायचं असतं. लेकराचा अपराध आई पोटात घालते. म्हणून रम्पल मुलाला ‘माझा अपराध पोटात घाल’ म्हणाला की नातं उलटं होतं, बाप लेकरू होतो. त्याची लाचारी दाखवायला याहून चांगलं वाक्य नाही.

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे मात्र फक्त दुखावलेल्याने म्हणायचं. स्नोच्या तोंडी घातलंत तर ती आपला गुन्हा आपणच बुडवते.

धुळ्याहून

अहिराणीत ‘माफ कर’ चालतं, ‘क्षमा’ किर्तनातला वाटतो. ‘मनी चूक पोटमा घाल’ हे अगदी सरळ बसतं.

चाळीसगावहून

एक राहिलं. ‘मॅनहॅटन’ या भागात बाप मोठ्या झालेल्या मुलाला गाठतो. मुलगा आता नील. बाप म्हणतो, मी जादूने तुला पुन्हा चौदा वर्षांचा करतो. मुलगा नाही म्हणतो. तिथे ‘मी तुम्हाला माफ करणार नाही’ लिहिलंय, पण तो रागापेक्षा थकलेला दिसतो.

अमळनेरहून

इथे माफीचं क्रियापदच नको. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात शुनःशेपाची कथा आहे. बाप अजीगर्त शंभर गायींना मुलगा विकतो, शंभर घेऊन त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला बांधतो, आणखी शंभर घेऊन मारायला तयार होतो. मुलगा सुटतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. बाप पस्तावतो, गायी देऊ करतो. मुलगा त्याला शाप देत नाही, पण कठोर बोलतो. तू केलंस ते ‘असंधेय’ आहे असं म्हणतो. असंधेय म्हणजे सांधता न येणारं.

माफ करणं आणि सांधणं ही दोन कामं आहेत. राग गेला तरी सांधा बसेलच असं नाही. बाप इथे गेलेली वर्षं भरून द्यायला बघतोय. पट्टीत लिहा : ‘हे आता सांधायचं नाही, बाबा.’ ‘बाबा’ शेवटी हवं. सुरुवातीला आलं तर ती विनवणी होते.

धुळ्याहून

वाचनात : ‘आते हाई जुडस नही, बा.’ ‘नही’नंतर थांबा. ‘बा’ खालच्या आवाजात.

चाळीसगावहून

घेतलं. एमाच्या ‘टाकलंत’च्या जागा वहीत मोजायला बसते.

जळगावहून

ताई, मोजताना ‘तू’ही बघा. शाप उठायच्या आधी एमा आणि मेरी मार्गारेट (शापामुळे स्वतःची ओळख विसरलेली स्नो) एका घरात राहणाऱ्या मैत्रिणी, म्हणजे ‘तू’. शाप उठल्यावर मेरी मार्गारेट आई ठरते, आणि मराठीत आईलाही ‘तू’च. सर्वनामात बदल दिसणार नाही, म्हणून तो संबोधनात दाखवावा लागेल. एमा ज्या प्रसंगात मुळात ‘मॉम’ म्हणते तोवर एकदाही ‘आई’ येऊ देऊ नका, ‘मेरी मार्गारेट’ लांबलं तरी. चार्मिंगला (शापाखाली तो डेव्हिड) मात्र आधी ‘डेव्हिड, तू’ आणि नंतर ‘बाबा, तुम्ही’ असं होईल. तिथे बदल आपोआप दिसेल. आणि वर मी ‘तुम्ही मला टाकलंत’ लिहिलं ते दोघांना मिळून. एकट्या आईशी बोलताना ते ‘तू मला टाकलंस’ होईल.