आईच्या जागी डबा (अनुभव धागा)

गोदाकाठची
परवा संध्याकाळी लाइट गेली. धाकटा (वय ४) त्या बोलणाऱ्या डब्यापुढे (स्मार्ट स्पीकर) बसून हाका मारत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ती झोपलीये. मग तू सांग गोष्ट." मग तू! म्हणजे माझा नंबर दुसरा.
सांगितली. पण ससा-कासव मध्यावर आले नि रे ब्रॅडबरीची 'द व्हेल्ट' ही विज्ञानकथा आठवली. १९५० ची, मी अकरावीत असताना सावानातून (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) आणून वाचलेली. घरच स्वयंपाक करतं, घरच पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधतं, अंघोळ घालतं. मुलांच्या खोलीच्या भिंतींवर त्यांच्या मनात येईल ते उमटतं, आणि त्यांच्या मनात येतात सिंह. आईबाप खोली बंद करायला निघतात तेव्हा काय होतं ते सांगत नाही. तेव्हा सिंहांनी झोप उडवली होती. आता ती आई डोक्यातून जात नाही. तिला घरात करायला काहीच उरलेलं नसतं.
तुमच्याकडे होतं का असं काही? लिहा.

कुकरची शिट्टी
खूप आहे लिहिण्यासारखं. वरण लावून येते.

पंचवटीकर
असिमोवच्या विज्ञानकथेतला यंत्रमानव रॉबी! १९४० चा. त्या गोष्टीत बाप यंत्राच्या बाजूने आणि आई विरोधात. यंत्रमानव परत पाठवून पोरीला कुत्रा आणून देतात, ती कुत्र्याकडे ढुंकून बघत नाही. शेवटी पोरीला ट्रॅक्टरखालून वाचवतो तो रॉबीच. दरवेळी आईलाच का वाईट ठरवतात लेखक, कळत नाही. आमच्याकडे उलट होतं, टीव्ही बंद करायला बाबा धावायचे आणि आई म्हणायची, राहू द्या, तेवढ्यात माझी भाकरी होते.

खडूवाली
नववीला इंग्रजीत असिमोवचीच एक गोष्ट शिकवायचे, १९५१ ची. साल २१५७, मार्जी घरातच यंत्राकडून शिकते. भूगोल फार भरभर चालतो म्हणून माणूस येऊन यंत्राचा वेग कमी करून देतो. यावर एक कार्टं उठून म्हणालं, "मॅडम, आपल्या गणिताच्या सरांचा करता येईल का?" मी पाठमोरी होऊन हसले. आई-बाबांचा विषय राहिलाच, सॉरी.

सातपूर सेकंड शिफ्ट
मी शिफ्टवर असतो तेव्हा पोरगी व्हिडिओ कॉल चालू ठेवून झोपते. मशीनच्या आवाजात झोप लागते म्हणे. घरी असलो की लागत नाही 😅

जुना टेप
माझे बाबा ६ वर्षं कुवेतला. दर सुट्टीत एक कॅसेट भरून ठेवून जायचे. एका बाजूला सिंदबाद, दुसऱ्या बाजूला "अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको". सिंदबाद ऐन वादळात सापडला की बाबा खोकायचे, "पाणी दे गं" म्हणायचे, मग भांड्याचा आवाज. मला सगळं पाठ.
बाबा कायमचे परत आले त्या रात्री मी तीच गोष्ट सांगा म्हणालो. त्यांनी सांगितली, पण खोकलेच नाहीत. मी रडलो, "ही चुकीची आहे." बाबा उठून गॅलरीत गेले. आज मला मुलगा आहे, तेव्हा कळतंय ते का गेले.

गोदाकाठची
@जुना टेप दादा, काय लिहिलंत हो. डब्याचं विसरले मी.

पंचवटीकर
विज्ञानकथेवरून आठवलं. २०२१ ला आपल्याकडे आडगावला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारळीकर. तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. मी खास त्यांच्यासाठी गेलेलो. शेवटी पुस्तकं घेतली, पिशवीचा बंद तुटला, गुडघ्यावर ठेवून रिक्षाने घरी.

कुकरची शिट्टी
वरण करपलं. सगळे रिप्लाय वाचत बसले होते. आता काय लिहू, सासूबाई विचारतायत वास कसला.

खडूवाली
पाणी घालून हिंग मार 😂

सातपूर सेकंड शिफ्ट
@जुना टेप कॅसेट आहे का अजून?

जुना टेप
आहे, पण वादळाच्या जागी पट्टी तुटलीये. प्लेअरही बंद. मेनरोडच्या गल्लीत एक काका दुरुस्त करायचे, आता तिथे मोबाईल कव्हरं.

सातपूर सेकंड शिफ्ट
प्लेअर माझ्याकडे आहे, चालू. पट्टीची टोकं सरळ कापा, मागच्या बाजूने बारीक चिकटपट्टी लावा. फार कापू नका, नाहीतर खोकला जाईल. रविवारी या घेऊन.