निकॉन डी१ : चेहरे गुलाबट, कार्ड चालेना

प्रश्न : जुना डी१ हा डिजिटल कॅमेरा (१९९९) घेतलाय. जेपेगमध्ये चेहरे गुलाबट येतात, ४ जीबीचं मेमरी कार्डही घेत नाही. सेन्सर गेला का?

उत्तर १ : सेन्सर ठणठणीत असणार. डी१ एनटीएससीच्या (टीव्हीच्या जुन्या मानकाच्या) रंगपटात फोटो लिहितो, पण फाईलला प्रोफाइल (रंगपट कोणता हे सांगणारी नोंद) जोडत नाही. संगणक ती एसआरजीबी (पडद्यांचा नेहमीचा रंगपट) समजून उघडतो. फोटोशॉपात आधी ‘असाइन’ने एनटीएससी द्या, मगच एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करा. थेट कन्व्हर्ट केलंत तर सगळं मुसळ केरात.

उत्तर २ : कार्ड २ जीबीपर्यंतचंच, फॅट१६ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं. मोठं त्याला वाचताच येत नाही.

उत्तर ३ : आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) २०० वरच राहा, १६०० ला सावल्यांत पट्टे उमटतात. २.७ मेगापिक्सेलला क्रॉप परवडत नाही, चौकट टिपतानाच भरा. फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर-वेग) १/५०० सेकंद मात्र आजही भारी! भर उन्हात फिल-फ्लॅश (सावल्या उजळणारा फ्लॅश) मारून बघाच.