अनुभव धागा: आवाज न चढवता

१८ जून जवळ आला की गोव्यात मडगावच्या लोहिया मैदानावर हार पडतात, भाषणं होतात. १९४६ साली पोर्तुगिजांची सभाबंदी झुगारून राममनोहर लोहिया तिथे उभे राहिले, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. इथे भाषणं नकोत. वाड्यावर, कदंबाच्या बसमध्ये, देवळात, घरात हात किंवा आवाज न चढवता कुठला अन्याय अडवलात ते लिहा. अडवायला जाऊन फसला असाल तर तेही लिहा, उलट तेच आधी लिहा.

माझं छोटंसं आहे. आमच्या घरी ‘घाटी’ हा शब्द, म्हणजे घाटापलीकडून आलेल्यांना हिणवायचा, मिठासारखा वापरला जायचा. गवंडी घाटी, भाजीवाली घाटी. एकदा जेवताना मुलीने विचारलं, "पणजी घाटापलीकडच्या चंदगडहून लग्न करून आली ना? मग ती कोण?" मी भात कालवत राहिलो. शब्द घरातून गेला असं म्हणणार नाही, पण आता तोंडात आला की अडकतो.

पेडणेकर
आमचं घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत, तीन पिढ्या; अशा घरवाल्यांना मुंडकार म्हणतात. १९७५ च्या मुंडकार कायद्यामुळे घरातून कुणी सहज काढू शकत नाही, पण घरापर्यंत जायचं कसं? भाटकाराच्या नातवाने भाट विकलं आणि नव्या मालकाने आमच्या पायवाटेवर चिऱ्यांचा गडगा घातला. मामलेदाराकडे अर्ज केला. तारखा पडू लागल्या. काका पिकास (कुदळ) घेऊन निघाले. आई म्हणाली, "आधी जेवा." काका चिडून म्हणाले, "सत्याग्रह पत्रादेवीला करायचा, इथे नाही." (पत्रादेवी आमच्यापासून लांब नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी तिथे गोळ्या झाडल्या. त्या दिवसाची गोष्ट काकांनी आजीकडून शंभरदा ऐकलेली.)

पिकास कोपऱ्यात राहिली. आम्ही तीन महिने शेजाऱ्याच्या कुळागरातून, चिखलातून वळसा घालून जात होतो. चवथीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेतून गणपती आणला. आई म्हणाली, देव जुन्या वाटेनेच येणार. भाऊ मूर्ती डोक्यावर घेऊन गडग्यापाशी थांबला. पाऊस झिमझिमत होता, मूर्तीवर प्लास्टिक. घोषणा नाहीत, काही नाही. वाड्यावरच्या बायका आल्या, कुणी फुगडी घालू लागलं. राखणदाराने मालकाला फोन लावला. मालक अर्ध्या तासाने गाडीतून आला, दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग चपला काढल्या आणि स्वतः चिरे उतरवू लागला. शेवटी काकांनीच हात लावला, कारण त्याला चिरा धरता येईना.

फार गोड समजू नका. फट एका माणसापुरतीच आहे. स्कूटर जात नाही, गॅसचा सिलिंडर अजून खांद्यावरून आणतो, अर्ज मामलेदाराकडे पडूनच आहे. काका म्हणतात, पिकाशीने दहा मिनिटांचं काम होतं.

पंगतीतला
माझा फसलेला. आमच्या देवळाचा कारभार महाजनांकडे (देवळाच्या ठरावीक घराण्यांकडे), १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीनुसार. उत्सवाच्या महाप्रसादाला पंगती वेगळ्या. पाटी कुठेच नाही, पण कोण कुठे बसतो ते सगळ्यांना ठाऊक. कॉलेजात होतो, डोक्यात वारं होतं. आमच्या पंगतीतून उठून मागच्या पंगतीत जाऊन बसलो. वाटलं, लोक कौतुकाने बघतील. वाढपी थबकला. शेजारचे आजोबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाबा, तूं हांगा बसूं नाका. तूं घरा वतलो, आमकां हांगाच रावपाचें आसा." (तू घरी जाशील, आम्हाला इथेच राहायचंय.)

मी उठलो. ज्यांच्यासाठी बसलो होतो त्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं. पुढच्या वर्षीपासून त्यांच्या घरी चहाला जाऊ लागलो. पंगती आजही वेगळ्या आहेत.

जुना म्हापसेकर
१९८६ चा डिसेंबर. भाषेचं आंदोलन पेटलेलं, झाडं तोडून रस्ते अडवलेले, माणसं मेली त्यात. मी मराठीवाला, दारावर तसा फलक. आमचा पोदेर (पाववाला) कट्टर कोंकणीवाला. त्या दिवसांत तो पहाटे पोंपों न वाजवता यायचा आणि पावाची पिशवी खिडकीच्या गजाला अडकवून निघून जायचा. बोलणं बंद होतं, पाव चालू होता. १९८७ च्या फेब्रुवारीत कायदा झाला: कोंकणी राजभाषा, मराठी वापरायला मुभा. दोघांचीही त्यावर तक्रार होती, आणि त्याच तक्रारीवरून पुन्हा बोलणं सुरू झालं.

पेडणेकर
काका, त्या दिवसांच्या पावाचे पैसे दिलेत की बुडवलेत?

जुना म्हापसेकर
द्यायला गेलो होतो. घेतले नाहीत. म्हणाला, "काल्चो पाव आशिल्लो."